गोळी अर्ध्यावर सोडू नका

शेतकरी बंधूंनो, युरिया टाकला की दुसऱ्या दिवशी पीक हिरवं होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. नैराश्याच्या आजारावरील गोळीचंही तसंच. मेंदूतील सिरोटोनिनसारख्या रसायनांवर ती काम करते. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर घरच्यांनी माणसाला एकटं सोडू नये, कीटकनाशकाचा डबा कुलपात ठेवावा. बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने घ्यावी लागते. डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करू नका. सरपंच, पोलीस पाटलांनी अशा रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पोचवावं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच लिहा.