'जिप्सी' आणि 'डोंबारी'

मराठी भावकवितेने 'जिप्सी' हा शब्द मोठ्या प्रेमाने आपलासा केला. मंगेश पाडगावकरांच्या एका संग्रहाचे नावच 'जिप्सी' आहे. कोणत्याही बंधनात मन न रमणारा मनस्वी जीव, असा त्याचा अर्थ वाचकांच्या मनात रूढ झाला. त्याच मराठीत 'डोंबारी' हाही शब्द आहे. तो मात्र दोरीवरून चालणाऱ्या गरिबासाठी आणि हेटाळणीसाठी राखून ठेवलेला. या दोन शब्दांमागचे नाते पाहिले म्हणजे ही वाटणी विपरीत वाटू लागते.

'जिप्सी' हे नावच मुळी गैरसमजातून जन्मले. हे लोक ईजिप्तहून आले, अशा समजुतीने युरोपने ते त्यांना चिकटवले. ते स्वतःला 'रोम' म्हणवतात. त्यांच्या भाषेचे भारतीय मूळ रूडिगर या जर्मन पंडिताने १७८२ साली मांडले. युरोपातील 'रोम', आर्मेनियातील 'लोम' आणि पश्चिम आशियातील 'डोम' ही एकाच शब्दाची रूपे असून त्यांचा संबंध संस्कृत 'डोम्ब' शब्दाशी जोडला जातो. 'राजतरंगिणी'त राजा चक्रवर्म्याच्या दरबारी गाणारा रंग हा डोम्बच. मराठी 'डोंबारी' याच कुळातला. अर्थात, हे शब्दांचे गोत्र झाले. त्यावरून माणसांच्या रक्ताचे नाते सिद्ध होत नाही, हे उत्साही अभ्यासकांनी विसरू नये.

मौज अशी की, ज्यांना जगाने जन्माचे वाटसरू ठरविले, त्यांच्या भाषेतील वाटेचा शब्द, 'द्रोम', ग्रीकांकडून उसना घेतलेला आहे. 'दुई', 'त्रिन', 'देश' हे दोन, तीन, दहा भारतीय. सात, आठ, नऊ मात्र ग्रीक.

भटकंती हा या लोकांचा स्वभावधर्म, ही समजूत तर इतिहासापुढे टिकत नाही. पुश्किनने १८२४ साली 'त्सिगानी' हे काव्य पूर्ण केले. त्यातील बेसारेबियाच्या माळावरचे तांडे स्वातंत्र्याचे प्रतीक ठरले. पण शेजारच्याच मोल्दाव्हियात रोम माणसे त्या वेळी जमीनदारांची आणि मठांची मालमत्ता होती. तेथील गुलामगिरी १८५५ साली संपली, वालाकियातील १८५६ साली. ज्यांना गाव सोडण्याची मुभा नव्हती, त्यांच्या नावाला स्वैर भ्रमणाचा अर्थ चिकटावा, हा कवींचा दोष कमी आणि वाचकांच्या निष्काळजीपणाचा अधिक.

१९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने परक्यांनी दिलेली नावे नाकारून 'रोम' हे नाव स्वीकारले. ते सर्वांना मान्य आहे असे नाही. ब्रिटनमधील काही समूह स्वतःला आजही 'जिप्सी' म्हणवतात. जर्मनीतील सिंती 'रोम' म्हणवून घेत नाहीत. म्हणून अनुवादकाने मूळ कृतीतील माणसे स्वतःस काय म्हणवतात हे आधी पाहावे. निदान 'जिप्सी'साठी 'बंजारा' लिहिण्याची हिंदी-मराठीतली सवय तरी सोडावी. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारे व्यापारी होते. त्यांची बोली वेगळी, इतिहास वेगळा. एका समाजाची ओळख पुसून दुसऱ्याची सांगणे हा अनुवाद नव्हे.