चितेला लाकूडच कशाला?

अंत्येष्टी हा आपला शेवटचा संस्कार. त्यात देहाची आहुती अग्नीला द्यायची असते. त्यासाठी झाड तोडलेच पाहिजे हा आग्रह धर्माचा नव्हे, सवयीचा आहे. तरी एका चितेवर साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड रचले जाते. गोवऱ्यांचा विषय काढावा, तर 'गेलेल्या माणसात काटकसर करता?' असे ऐकावे लागते.

कोल्हापूरने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. पंचगंगेच्या काठी चिता मुख्यतः शेणींवर जळते, महापालिका त्याचे पैसे घेत नाही आणि होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला देण्याची रीत तेथे रुजली आहे. कोल्हापूरकरांना सद्गती मिळत नाही, असे कोणी म्हणेल काय? मग संगमनेरचेच काय अडते? तालुका दुधाचा, शेणाला तोटा नाही. शेतातले पाचट पेटवून देणारे आपण चितेसाठी मात्र लाकूड विकत आणतो!

'हे धडे हिंदूंनाच का?' हा कार्यकर्त्यांचा राग खोटा नाही. पण १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचा देह, त्यांच्याच इच्छेनुसार, मुंबईच्या चंदनवाडीत विद्युतदाहिनीत दिला गेला. त्यांना तो धडा कोणत्या सेक्युलर पंडिताने दिला होता?

येत्या होळीला प्रत्येक घराने पाच गोवऱ्या प्रवरेकाठच्या स्मशानभूमीत पोहोचवाव्यात. आणि वडीलधाऱ्यांनी आपली इच्छा मुलांना आजच सांगून ठेवावी. दारात तिरडी बांधली जात असताना हा वाद कोणालाच घालता येत नाही.