सोंग आणि आख्यान

हल्लीं विद्यार्थ्यांत सुटीच्या दिवशीं एक बैठा खेळ रंगूं लागला आहे. एक जण सूत्रधार होऊन एका कल्पित राज्याचें, तेथील अरण्यांचें व राक्षसांचें वर्णन करितो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या राज्यांत वावरतात. भाषणें कोणी लिहून दिलेलीं नसतात; पराक्रम साधला कीं फसला हें फांसे ठरवितात. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें असा खेळ प्रथम प्रसिद्ध केला.

पालकांपैकीं कित्येकांस हें निव्वळ कालहरण वाटतें. तो वाद येथें नको. आमचा प्रश्न निराळा आहे. या खेळांत पुष्कळदां तंटा होतो तो हार-जितीवरून नव्हे, पात्रावरून. एकाद्यानें चार दिवस खपून बंदूकधारी वीर रचिलेला असतो, आणि सूत्रधाराच्या राज्यांत अजून धनुष्यबाणच चालत असतात. ‘पात्र बदल’ म्हटलें कीं त्यास अपमान वाटतो, व जमलेली मंडळी मोडते. आमच्या मतें यांत अपमान मुळींच नाहीं, आणि त्याचा पुरावा रेडीकरांस परदेशांत शोधावयास नको.

पावसाळा सरून जत्रा सुरू झाल्या म्हणजे आपल्या या टापूंत गांवोगांव देवळांपुढें रात्रभर दशावतार चालतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलें, कथेचा ओघ सांगितला, कीं नट स्वतःच तोंडास रंग लावून, एका साध्या बांकड्यास सिंहासन मानून, भाषणें तेथल्या तेथें रचितो. कालचा भीम आज दुसऱ्या आख्यानांत असुर होतो. आवाज तोच, ऐट तीच. गदा कोणासाठीं उचलावयाची हें मात्र आख्यान ठरवितें. याचें कारण उघड आहे. समोरच्या नटास त्याच क्षणीं उत्तर द्यावयाचें असतें. कौरवसभेंत कोणी आगगाडीची गोष्ट काढिली तर टाळी मिळेलही. पण बिचाऱ्या दुर्योधनानें पुढें काय बोलावें?

येथें कोणी शंकासुराचें नांव घेईल. पूर्वरंगांत काळा वेष करून येणारा, वेद चोरणारा हा असुर देवांच्या ग्रंथी भाषेपुढें खुशाल मालवणींत थट्टा करितो. परंतु त्याची जागा आधींच राखलेली आहे, आणि विष्णूच्या हातून मेला म्हणजे तो आख्यानांत पुन्हां डोकावत नाहीं. अलीकडे ट्रिकसीनचे दशावतार होतात, त्यांतील धूर व दिव्यांच्या करामतींचाही आम्हांस विटाळ नाहीं. ज्या रात्रीं करामतीसाठीं कथा ताटकळत उभी राहते, ती रात्र मात्र फार लांब वाटते.

मग त्या बंदूकधाऱ्याचें काय करावें? त्याच्या कर्त्यास प्रथम विचारावें, कीं बंदुकींत तुला आवडलें काय? दुरून अचूक नेम धरणें आवडलें असेल, तर तो उत्तम धनुर्धर होईल. सर्वांस दचकविणारा आवाज आवडला असेल, तर दारूची विद्या कोठून तरी शिकून आलेला, राजाच्या हेरांपासून लपून राहणारा एकटा कारागीर करावा. सूत्रधारास हें रुचलें तर त्याचें राज्यही थोडें रुंद होतें. नुसती बंदूक काढून हातीं तलवार देणें ही मात्र जुलमाची दुरुस्ती होय; तीनें वीर उरत नाहीं आणि मुलाचा उत्साहही उरत नाहीं.

दोष पुष्कळदां सूत्रधाराचाच असतो. दशावतारांत आख्यान रंग लावण्यापूर्वीं सांगतात. आमचे बालसूत्रधार सर्वांचीं पात्रें तयार झाल्यावर आपलें राज्य उघड करितात. मग ज्यानें नांव, कुळ, शस्त्र सारें लिहून आणिलें, त्यानें रागावूं नये तर काय करावें? काळ कोणता, राजा कोण, शस्त्रें कोणतीं, विद्या कोणास येते, एवढें अर्ध्या पानावर लिहून आदल्या दिवशीं वांटलें तरी पुरे.