शाळेच्या भिंतीकडे पाहताना

जबलपूरच्या मदन महल टेकडीवर गोंड राजवटीतील एक छोटासा गड प्रचंड शिळेवर उभा आहे. जवळच एका खडकावर दुसरा खडक इतक्या अल्प जागेवर टेकलेला आहे, की तो आता कोसळेल असे पाहणाऱ्यास वाटावे. २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला, तेव्हा हा खडक जागचा हलला नाही. शहरातील व आसपासच्या खेड्यांतील अनेक भिंती मात्र फाटल्या, आणि सुमारे ४० माणसे प्राणास मुकली.

वेळ रात्रीची असल्यामुळे शाळांचे वर्ग रिकामे होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंपही पहाटे चारच्या सुमारास झाला. तेथील जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, आणि त्यांचे दोन थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. शाळेची वेळ असती तर काय झाले असते, हा विचारही करवत नाही. आणि भूकंपच व्हावा लागतो असेही नाही. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी पावसाळ्यातील एका सकाळी शाळेचे छत कोसळून ७ मुले दगावली.

म्हणून पालकांनी जुन्या इमारतीकडे डोळसपणे पाहावयास शिकले पाहिजे. गिलाव्यावरील केसासारख्या भेगांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभी फट पडली असेल, दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपा तडा गेला असेल, भिंतीला फुगवटा आला असेल किंवा छतातील गंजलेल्या सळया उघड्या दिसत असतील, तर अभियंत्याची तपासणी होईपर्यंत त्या खोलीत वर्ग भरवू नये. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी. तो वाढतो की नाही हे महिन्याभरात कळते. भिंतीत रुजलेला पिंपळ वा वड कोवळा असतानाच काढावा.

तड्यावर नुसता चुना फासणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने दोष फक्त झाकला जातो. गळती थांबविणे, पाया व जोत्याजवळचे पाणी दूर नेणे आणि सर्व भिंतींना एकत्र बांधणारे सळयांचे पट्टे बसविणे, हे खरे उपाय होत.

दुरुस्ती करतानाही धोके असतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाध येतो, आणि लहान मुलांचे शरीर ते मोठ्यांहून अधिक प्रमाणात शोषून घेते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग संशयास्पदच समजावा. तो कोरडा खरवडू वा जाळू नये. ओला करून काढावा आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी. छपराच्या जुन्या सिमेंट-पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. पत्रा शाबूत असेतो धोका कमी; तो फोडला, कापला वा त्याला भोके पाडली, की श्वासावाटे फुप्फुसात जाणारे सूक्ष्म तंतू सुटतात. म्हणून असे पत्रे भिजवून, अखंड उतरवावेत. ही कामे सुटीत, मुले शाळेत नसतानाच व्हावीत.

हे सारे कोणी मागावयाचे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीकडे आहे. पुढील बैठकीस जाताना भेगांची यादी तारखांसह सोबत न्यावी, ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, आणि पावसाळ्यापूर्वी अभियंत्याची तपासणी व्हावी असा लेखी आग्रह धरावा.