अठरा भाषांचं गाव

न्यूयॉर्कचं नाव अजून न्यू अ‍ॅमस्टरडॅम होतं, तेव्हाची गोष्ट. डच वेस्ट इंडिया कंपनीची ही वखार जेमतेम काही शे माणसांची. पण 1643मध्ये तिथे आलेल्या इझॅक जोग या फ्रेंच धर्मगुरूला सांगण्यात आलं, की इथे अठरा भाषा बोलल्या जातात! गव्हर्नर पीटर स्टायव्हसंटला मात्र ही सरमिसळ खुपायची. 1654मध्ये ब्राझीलहून 23 निर्वासित ज्यू येऊन पोहोचले. त्यांना हाकलायची त्याने परवानगी मागितली, ती कंपनीने नाकारली. मग त्याचा रोख वळला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे. त्यांना थारा देणाऱ्याला जबर दंड! याविरुद्ध 27 डिसेंबर 1657 रोजी जवळच्या फ्लशिंग गावच्या तीस जणांनी अर्ज लिहिला. ज्यू, तुर्क, इजिप्शियन, कुणीही येवो, आमचं दार उघडं राहील, असा त्याचा आशय. विशेष म्हणजे सही करणाऱ्यांत क्वेकर एकही नव्हता. शेजाऱ्यांसाठी त्यांच्यातल्या काहींनी तुरुंग पत्करला. पुढे याच गावच्या जॉन बाऊनला क्वेकरांच्या सभा घरी भरवल्याबद्दल हद्दपार केलं, तर तो थेट हॉलंडला जाऊन दाद मागून आला. 1663मध्ये कंपनीने स्टायव्हसंटला बजावलं, लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ नको. पण हा मोकळेपणा सगळ्यांसाठी नव्हता. याच वसाहतीत 1644मध्ये अकरा आफ्रिकी गुलामांना जमिनी आणि अर्धवट मुक्ती मिळाली होती; त्यांची मुलंबाळं मात्र कंपनीचीच गुलाम राहिली. बाऊनचं लाकडी घर आजही न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये उभं आहे.