घड्याळाचा हातोडा

पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या पेढीच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. अशा वार्तांमुळे लिलाव हा विषय काही दिवस चर्चेत राहतो. परंतु शासने आणि धनिक यांच्यापलीकडे संग्राहकांचा एक मोठा वर्ग आहे. कोणी शिक्षक शिवराई पैसे जमवितो, कोणी कारकून जुन्या संस्थानांची टपाल तिकिटे गोळा करतो. त्यांचा लिलाव आता बहुधा सभागृहात भरत नाही. तो घरातल्या पडद्यावर भरतो. यात केवळ जागा बदलली असे मानणे चुकीचे ठरेल. लिलाव संपविण्याचा अधिकारच एका हातातून दुसऱ्या हातात गेला आहे.

लिलाव हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ ही ललकारी गावोगावी रुजली. त्या तीन उच्चारांत मोठा अर्थ साठविलेला आहे. आणखी कोणाला पुढे जावयाचे असेल तर त्याने बोलावे, असे ते उघड आवाहन असते. हातोडा पडतो तो वेळ संपली म्हणून पडत नाही, पुढे जाण्यास कोणी उरले नाही म्हणून पडतो. समोरचा प्रतिस्पर्धी जाणता संग्राहक आहे की हौशी धनिक, हेही सभागृहात दिसत असते. त्याच्या चेहऱ्यावरून, एखाद्या क्षणभराच्या विलंबावरून वस्तूच्या मोलाचा अदमास येतो.

१९९५ मध्ये अमेरिकेत ईबेचा आरंभ झाला. तेथील लिलाव ठरलेल्या क्षणी संपतो, मग बोली लावणारे कितीही उत्सुक असोत. ग्राहकाने आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवावी, यंत्राने त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवावी, आणि विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून किंचितच अधिक द्यावे, अशी ही योजना आहे. तिच्यामागील तत्त्व विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडले होते. द्यावी लागणारी किंमत दुसऱ्याच्या बोलीवर ठरत असेल, तर वस्तूचे आपल्या दृष्टीने जे खरे मोल, तेच सांगून मोकळे व्हावे, त्यात तोटा नाही, असा त्याचा सिद्धांत.

प्रत्यक्षात मात्र घडले उलटेच. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ईबेवरील पुराणवस्तूंच्या निम्म्याहून अधिक लिलावांत अखेरची बोली शेवटच्या पाच मिनिटांत पडत होती. त्याच काळात ॲमेझॉनही लिलाव चालवीत असे. तेथील नियम असा की, दहा मिनिटे नवी बोली आली नाही तरच लिलाव संपावा. तेथे अशी अखेरची धांदल क्वचितच आढळली. दोन्हीकडे यंत्र होते आणि माणसेही सारखीच होती. निराळा होता तो शेवटाचा नियम.

संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या लिलावात ही प्रवृत्ती अधिक दिसली, हे विशेष. त्याचे कारण उघड आहे. विक्रेत्याने सामान्य म्हणून मांडलेले नाणे दुर्मिळ टांकसाळीचे आहे, हे जाणकार ओळखतो. पण त्याने आधीच बोली लावली तर त्याचे ज्ञान इतरांना आयतेच मिळते. म्हणून तो शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसतो. सभागृहातही जाणकार आपले गुपित राखतोच, पण त्याने हात वर करताच इतरांना विचाराला आणि उत्तराला अवधी मिळतो. घड्याळ तो अवधी देत नाही. अधिक देण्यास तयार असलेला ग्राहक हात चोळीत बसतो आणि आजोबांची पेटी रिकामी करणाऱ्या विक्रेत्याला योग्य मोल मिळत नाही.

याचा अर्थ जुने सभागृह निर्मळ होते असा नव्हे. व्यापाऱ्यांनी संगनमताने बोली दाबून धरावी आणि नंतर आपसांत वाटणी करावी, हा प्रकार इतका बोकाळला होता की, ब्रिटनला १९२७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. शिवाय गडचिरोलीच्या शिक्षकाने मुंबईच्या किंवा लंडनच्या लिलावाला जावे कसे? त्याला पडद्याने प्रथमच दार उघडून दिले, हा लाभ क्षुल्लक नाही.

मात्र त्या दाराशी काही गोष्टी मागे राहतात. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. तो तोलून पाहावा, वाजवून पाहावा, ओतीव नकलेची शिवण कडेवर दिसते का ते तपासावे, ही संग्राहकाची जुनी शिस्त. तिकिटाचा जलचिन्हांकित कागदही उजेडासमोर धरूनच कळतो. छायाचित्र रंग आणि अक्षरे दाखविते. वजन आणि नाद दाखवीत नाही.

तेव्हा यंत्राला दोष देत बसण्यापेक्षा संग्राहकांनी नियमांचा आग्रह धरावा. अखेरच्या क्षणी बोली आली तर मुदत काही मिनिटे आपोआप वाढावी. अनेक लिलावसंस्था आज हा नियम पाळतात; इतरांना तो अशक्य नाही. नाण्याचे वजन व कडेचे चित्र दिलेच पाहिजे, नकली वस्तू परत घेतलीच पाहिजे, हेही ओघानेच आले. आणि जेथे घड्याळाचेच राज्य आहे, तेथे आपली कमाल रक्कम आधी शांतपणे कागदावर लिहावी आणि तीच नोंदवून मोकळे व्हावे. शेवटच्या मिनिटाच्या आवेशात पगारदार माणसाच्या खिशाला ती ओलांडणे परवडणारे नाही.

‘तीन वार’ ही केवळ ललकारी नव्हती. प्रत्येकाला शेवटचा शब्द बोलण्याची संधी देणारा तो न्याय होता. हातोडा गेला तरी चालेल. तो न्याय मात्र जाता कामा नये.