चालत्या चित्रांची दिवाळी

दिव्यातले तेल संपत आले की एक पुतळी पुढे येते, तेल घालते आणि ताल धरून त्या दिव्याभोवती नाचत फिरते. अशा यांत्रिक पुतळीचे वर्णन धारच्या राजा भोजाने अकराव्या शतकात ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात करून ठेवले आहे. नाचणारे पोपट, लाकडी द्वारपाल, उडता पक्षी असे बरेच काही त्यातल्या यंत्रविधानाच्या अध्यायात आहे. गायकवाडांच्या बडोद्याने १९२४-२५ मध्ये हा ग्रंथ छापला आणि तो अभ्यासकांच्या हाती आला. निर्जीव वस्तूला चालती-बोलती करण्याची ओढ आपल्या माळव्यात इतकी जुनी आहे. म्हणून यंदाचा दिवाळी अंक आम्ही जगभरच्या अ‍ॅनिमेशनपटांना वाहिला आहे.

निमित्तही दिवाळीच्या आसपासचेच आहे. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसमध्ये एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेली हलती चित्रे पडद्यावर दाखवली. ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाला अजून तीन वर्षे अवकाश होता. पुढे लोक सिनेमाकडे वळले. निराश झालेल्या रेनोंनी आपल्या बहुतेक चित्रपट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. त्यांच्या त्याच पहिल्या खेळाची तारीख आज आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन म्हणून जगभर साजरी होते. उशिरा का होईना, एका कलावंताचे ऋण जगाने मान्य केले.

या इतिहासात मराठी माणूस पहिल्यापासून आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक फ्रेम करत टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले आणि सिनेमासाठी पैसे द्यायला भांडवलदार तयार झाला. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीचे बी अक्षरशः या तंत्रातून रुजले. १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यात काड्याच नट झाल्या. १९३४ मध्ये प्रभातच्या रघुनाथ केळकरांनी ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला. फाळके आणि प्रभात ही नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या कामाची ही बाजू मात्र क्वचितच सांगतो.

या कलेचा खरा आधार चिकाटी आहे. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम्स जातात. एक चित्र दोन फ्रेम्सना वापरले तरी दहा मिनिटांच्या हातचित्रित फिल्मला सात हजारांवर चित्रे लागतात. नट चालतो तेव्हा कॅमेरा ते चालणे टिपतो. इथे पाय किती उचलायचा, खांदा कधी झुकवायचा, पापणी कुठे मिटायची, हे सारे कुणीतरी आधी ठरवून काढावे लागते. त्यामुळे अ‍ॅनिमेटर हा चित्रकार असतोच, पण तो नटही असतो आणि माणसांचा, प्राण्यांचा बारकाईने अभ्यास करणाराही असतो.

एवढे असूनही घराघरात या कलेला ‘पोरांचे कार्टून’ म्हणून बाजूला सारतात. हे आम्हाला मनापासून खटकते. लॉटे रायनिगर या जर्मन कलावतीने कागद कापून केलेल्या सावल्यांतून १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा ‘प्रिन्स अहमद’ उभा केला. रशियन अ‍ॅनिमेटर युरी नॉरश्टेन यांच्या फिल्ममधल्या, धुक्यात हरवलेल्या छोट्या हेजहॉगची भीती आणि नवल मोठ्यांनाही आपले वाटते. मुंबईच्या जे. जे. अप्लाइड आर्ट संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’त एकटी राहणारी म्हातारी आणि तिची मांजर काडेपेट्यांवरच्या चित्रांच्या जगात शिरतात. २००६ मध्ये ही फिल्म कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरवली गेली. म्हातारपणाचा एकटेपणा इतक्या हळुवारपणे सांगणारी कला फक्त मुलांची कशी?

धार-देवासच्या वाचकांना आम्हाला यातून एकच गोष्ट आवर्जून सांगायची आहे: या कलेला मोठे शहर लागत नाही. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर लाटव्हियाच्या ‘फ्लो’ला मिळाले. पुरात सापडलेल्या एका मांजरीची ही गोष्ट, आणि तीत एकही संवाद नाही. लाटव्हिया या देशाची लोकसंख्या आपल्या एका धार जिल्ह्यापेक्षा कमी आहे. दिग्दर्शक गिंत्स झिल्बालोदिस यांनी आधीचा ‘अवे’ हा चित्रपट तर एकट्याने पूर्ण केला होता. ‘फ्लो’ ज्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर झाला ते कुणालाही फुकट मिळते. आपल्या मुलांकडे मोबाइल आहेत, आणि पाहण्यासारखे तर गावोगावी आहे. श्राद्धपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा घालतात, रोज नवी आकृती, शेवटी किलाकोट नावाची मोठी आकृती. ते रोजचे बदलणे टिपून जोडले तर एक सुंदर फिल्म होईल. बागच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रात नर्तकी वाद्यांच्या साथीने फेर धरतात. तो फेर फिरता करण्याचे आव्हान एखाद्या चित्रकाराने घ्यावे. घरात मराठी, बाजारात माळवी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना सांगण्यासारख्या गोष्टींचा तोटा नाही. पालकांनी मात्र ‘यात पुढे काय?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नये.

या अंकात परदेशी आणि मराठी अ‍ॅनिमेशनपटांवर लेख आहेत, आणि घरच्या घरी मोबाइलवर छोटी फिल्म कशी करावी याची सोपी माहितीही आहे. वाचून झाल्यावर हा अंक घरातल्या चित्र काढणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. त्यांनी केलेली फिल्म अगदी अर्ध्या मिनिटाची असली तरी आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळीत आम्ही ती सर्वांना आनंदाने दाखवू.